कन्व्हर्टरची एफिशियन्सी वारंवार घसरते? मॉस्फेट बदलण्याआधी करंट सेन्सिंग तपासा

डीसी-डीसी कन्व्हर्टरची एफिशियन्सी गणितात ९४ टक्के, बेंचवर ९२. मग कमी रोधाचे मॉस्फेट (स्विचचे काम करणारे ट्रान्झिस्टर) लावले जातात, इंडक्टर बदलला जातो, डेड टाइम (दोन्ही मॉस्फेट बंद असण्याचा मधला क्षण) कापला जातो. अर्धा-एक टक्का हाती लागतो आणि पुढच्या लॉटचे बोर्ड आले की आकडा पुन्हा जिथल्या तिथे. कधी त्याहून वैतागवाणा प्रकार घडतो: एक बोर्ड ९४ दाखवतो, शेजारचा ९२, आणि दोघांचे पार्ट एकाच रिळातले. अशा वेळी संशयाची सुई करंट सेन्सिंगकडे, म्हणजे करंट मोजणाऱ्या भागाकडे, वळवावी.

करंटचे चुकलेले रीडिंग स्वतः वीज खात नाही. ते कंट्रोलरकडून चुकीचे निर्णय करवून घेते. कमी लोडवर पल्स गाळण्याच्या (काही चक्रे स्विचिंग न करण्याच्या) मोडमध्ये जायला हवे तेव्हा तो जात नाही, खालचा मॉस्फेट शून्यावर बंद व्हायला हवा तो उशिरा होतो, दोन फेजपैकी (समांतर चालणाऱ्या शाखांपैकी) एकीवरच ओझे पडते. दुसरी वाट आणखी सरळ आहे. रीडिंगवर भरवसा नसला की सिग्नल मोठा मिळावा म्हणून शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत ठेवलेला छोटा रोध) मोठा ठेवला जातो, आणि तो शंट प्रत्येक मिनिटाला उष्णता बनवत बसतो. म्हणून इथे अचूकता आणि एफिशियन्सी हे दोन वेगळे विषय धरता येत नाहीत.

पुढची सगळी उदाहरणे एकाच बोर्डावर धरू: सिंक्रोनस बक (डायोडऐवजी दुसरा मॉस्फेट वापरून व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर), १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, १० अँपिअर, ४०० किलोहर्ट्झ, इंडक्टर २.२ मायक्रोहेन्री, आउटपुटच्या बाजूला इंडक्टरच्या मागे शंट. ऑन टाइम (वरचा मॉस्फेट चालू असण्याचा वेळ) सुमारे १.०४ मायक्रोसेकंद, चढता उतार ३.१८ अँपिअर प्रति मायक्रोसेकंद, उतरता २.२७, आणि रिपल (करंटची वर-खाली होणारी लाट) शिखरापासून तळापर्यंत ३.३ अँपिअर. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे सतत लागतील. तुमचा बोर्ड वेगळा असेल तर तुमचे आकडे काढून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे, पण तेच टाळले जाते.

मोजमाप तरी खरे आहे का?

९४ टक्क्यांच्या कन्व्हर्टरमध्ये आपण शोधतो ते उरलेले ६ टक्के. दोन व्होल्टेज आणि दोन करंट असे चार आकडे घेतले आणि प्रत्येक मीटर अर्धा टक्का चुकत असला, तर सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्यावर उत्तर २ टक्क्यांनी हलते. म्हणजे लॉस ४ टक्के आहे की ८, हेच कळत नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

बेंच सप्लायच्या पॅनेलवरचा आकडा वापरू नका. व्होल्टेज इनपुट आणि आउटपुट कॅपॅसिटरच्या पॅडवर मोजा, केबलच्या टोकाला नको. केबल आणि कनेक्टर मिळून १० मिलिओहम असले तर १० अँपिअरला ०.१ व्होल्ट पडतो, म्हणजे ५ व्होल्टचे २ टक्के तिथेच गेले. मल्टिमीटरची अँपिअर रेंजही टाळा. आतला रोध तापतो आणि रीडिंग सरकते. त्याऐवजी चार टर्मिनलचे, ०.१ टक्का टॉलरन्सचे दोन सारखे शंट घ्या, एक इनपुटला आणि एक आउटपुटला. एकदा रीडिंग घ्या, मग दोन्ही शंट त्यांच्या मीटरसकट अदलाबदल करून पुन्हा घ्या आणि दोन उत्तरांची सरासरी काढा. एफिशियन्सी हे गुणोत्तर असल्याने दोन शंटमधला आणि दोन मीटरमधला फरक असा अदलाबदलीत कापला जातो. इनपुटचा शंट मोठ्या इनपुट कॅपॅसिटरच्या आधी, सप्लायच्या बाजूला हवा. कॅपॅसिटरनंतर लावला तर मीटरला डीसीऐवजी तुकड्यातुकड्यांचा करंट दिसतो. आणि बोर्ड पूर्ण लोडवर १५–२० मिनिटे तापू द्या. थंड बोर्डाचा आकडा दिसायला छान असतो, एवढेच.

एवढे करूनही तूट राहिली तर पुढे चला.

चूक कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा

०.५, १, २, ५ आणि १० अँपिअर अशा पाच लोडवर कंट्रोलरला दिसणारा करंट आणि बाहेरच्या शंटवरचा खरा करंट शेजारी शेजारी लिहा. फरक अँपिअरमध्ये लिहा, टक्क्यांत नको. टक्क्यांत लिहिले की ऑफसेट (सगळीकडे सारखीच राहणारी चूक) आणि गेन (सिग्नल किती पट होतो त्यातली चूक) एकमेकांत मिसळून जातात. आता फरकाचा रकाना वरून खाली वाचा.

– सगळ्या लोडवर फरक जवळजवळ सारखाच: ॲम्प्लिफायरचा ऑफसेट.
– फरक लोडच्या प्रमाणात वाढतो: गेन, शंटचा टॉलरन्स, आणि बहुतेक वेळा केल्विन जोडणी (करंटची वाट आणि मोजण्याची वाट वेगळी ठेवणारी).
– थंड असताना ठीक, तापल्यावर प्रमाणात वाढतो: रीडिंगमध्ये कुठेतरी तांबे घुसले आहे.
– स्विचिंग बंद असतानाही इनपुट व्होल्टेज बदलल्यावर हलतो: कॉमन मोड (ॲम्प्लिफायरच्या दोन्ही पायांवर सारखेच असलेले व्होल्टेज). हे इनपुट बाजूच्या शंटवर जास्त दिसते.
– स्विचिंग चालू झाल्यावरच उगवतो: शंटचे इंडक्टन्स, ट्रेसमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीत) शिरणारा नॉइज किंवा सॅम्पलिंगची वेळ.

दोन जाती एकत्रही असतात. तेव्हा आधी ऑफसेट वजा करून टाका, मग उरलेले बघा.

प्रमाणात वाढणारी चूक: केल्विन जोडणी

सर्वांत जास्त बोर्ड इथे सापडतात. तांब्याच्या ३५ मायक्रॉन थराचा रोध एका चौरसाला सुमारे ०.५ मिलिओहम असतो, चौरस लहान असो की मोठा. शंट १ मिलिओहमचा आणि सेन्सची ट्रेस पॅडच्या आतल्या कडेऐवजी पॉवर पॉलिगॉनवर (मुख्य करंट नेणाऱ्या रुंद तांब्यावर) थोडी पुढे जोडलेली. मधे चौरसाचा पाचवा भाग जरी आला तरी ०.१ मिलिओहम वाढला, म्हणजे थेट १० टक्के. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. बोर्ड ६० अंशांनी तापला की तेवढ्या तांब्यामुळे रीडिंग आणखी सुमारे २.३ टक्के चढते, शंट कितीही चांगला असो. शंटच्या डेटाशीटवर ५० पीपीएम (दर अंशाला दहा लाखांत ५० भाग) लिहिलेले पाहून निश्चिंत होणाऱ्यांना हे तांबे हमखास चकवते.

तपासण्याची रीत अशी. कन्व्हर्टर बंद ठेवा. बेंच सप्लाय करंट लिमिटवर ५ अँपिअरला लावा आणि करंट शंटमधून पाठवा, पण जिथून तो कामाच्या वेळी येतो तिथूनच: एक वायर इंडक्टरच्या शंटकडच्या पॅडवर, दुसरी आउटपुट कॅपॅसिटरच्या पॅडवर. क्लिप थेट शंटला लावली तर करंटची वाट बदलते आणि चाचणीला अर्थ उरत नाही. आता १० मायक्रोव्होल्ट दाखवणाऱ्या मीटरने तीन ठिकाणी मोजा: शंटच्या दोन टर्मिनलच्या आतल्या कडांवर, मग सेन्स ट्रेस जिथून निघते तिथे, मग ॲम्प्लिफायरच्या पायांवर. १ मिलिओहमला तिन्ही ठिकाणी ५.०० मिलिव्होल्ट यायला हवेत. करंट उलटा करून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. मीटरचा आणि तापमानातून येणारा ऑफसेट निघून जातो.

समजा ५.०१, ५.४२, ५.४२ असे आले. शंट बरोबर आहे, ॲम्प्लिफायरपर्यंतची ट्रेसही बरोबर आहे, चूक फुटप्रिंटमध्ये (पॅड आणि तांब्याच्या मांडणीत) आहे. ५.०१, ५.०१, ४.७० आले तर वाटेत रोध आहे किंवा ॲम्प्लिफायर पायांतून करंट ओढतो आहे. फिल्टरचे रोध मोठे असले की असे होते.

फुटप्रिंट दुरुस्त करताना सेन्सची ट्रेस पॅडच्या आतल्या कडेच्या मधोमध जोडा, दोन पॅड एकमेकांकडे तोंड करून असतात तिथून. पॉवरचे तांबे बाहेरच्या कडेने यावे. एक फसवी गोष्ट इथे आहे. कॅड सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सेन्सची ट्रेस आणि पॉवर पॉलिगॉन हे एकच नेट, म्हणजे एकच जोडणी. डिझायनरने ट्रेस नेमकी काढलेली असते, पण शेवटी तांबे ओतताना पॉलिगॉन ती गिळून टाकतो, आणि स्क्रीनवर कुठेही चूक दिसत नाही. यावर नेट-टाय (दोन वेगळी नेट एकाच बिंदूवर जोडणारा भाग) वापरा, नाहीतर ट्रेसभोवती पॉलिगॉनला मनाई क्षेत्र आखा. बनलेल्या बोर्डावर धारदार ब्लेडने ट्रेसच्या दोन्ही बाजूंचे तांबे कापून मोकळे करता येते. निदान नेमके करायला तेवढे पुरते.

बोर्डाबोर्डांत फरक पडतो तोही बहुधा यातूनच. दोन टर्मिनलच्या शंटमध्ये सोल्डरचा थर किती जाड बसला, भाग पॅडवर किती सरकला, यावर करंटची वाट बदलते. १ मिलिओहमच्या खाली चार टर्मिनलचा शंट घ्यावा, तिथे काटकसर नको.

दोन शंट समांतर लावले असतील, उदाहरणार्थ २ मिलिओहमचे दोन, तर सेन्स फक्त एकावरून घेऊ नका. दोघांत करंट सारखा वाटला जात नाही. प्रत्येक पॅडवरून १० ओहमचा एक रोध घ्या आणि त्या त्या बाजूचे दोन्ही रोध पुढे एकत्र जोडा. सरासरी आपोआप निघते.

थोडे तापमानाबद्दल. शंटचा मिश्रधातू आणि तांबे जिथे भेटतात तिथे थर्मोकपल तयार होते. कॉन्स्टंटनचे तांब्याशी सुमारे ४० मायक्रोव्होल्ट प्रति अंश पडतात. शंटचे एक टोक तापलेल्या इंडक्टरला चिकटलेले आणि दुसरे ५ अंश थंड असले, की २०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १ मिलिओहमवर ०.२ अँपिअरचे भूत. मँगनिनचे हे प्रमाण फारच कमी असते. धातू बदलता येत नसेल तर शंट असा फिरवा की दोन्ही टोके उष्णतेपासून सारख्या अंतरावर येतील.

न बदलणारी चूक: ऑफसेट, आणि शंट किती लहान करता येईल

५ मिलिओहमच्या शंटमध्ये १० अँपिअरला ०.५ वॅट जातो, म्हणजे ५० वॅट आउटपुटचा १ टक्का. तोच १ मिलिओहम केला तर ०.१ वॅट. आपल्या बोर्डावर ९४.० वरून ९४.७ टक्के झाले, बाकी कशाला हात न लावता. मग सगळे तसे का करत नाहीत? ऑफसेटमुळे. १०० मायक्रोव्होल्ट ऑफसेट ५ मिलिओहमवर २० मिलिअँपिअर असतो, १ मिलिओहमवर १०० मिलिअँपिअर. १० अँपिअरला ही चूक एक टक्का, पण १ अँपिअरला १० टक्के. मोड बदलण्याचे निर्णय नेमके त्याच टापूत होतात.

म्हणून शंट लहान करायचा तर ॲम्प्लिफायर झीरो-ड्रिफ्ट जातीचा (स्वतःचा ऑफसेट सतत दुरुस्त करणारा) हवा. आयएनए२४० या करंट-सेन्स ॲम्प्लिफायरचा ऑफसेट जास्तीत जास्त २५ मायक्रोव्होल्ट आहे आणि पीडब्ल्यूएमच्या (स्विचिंगच्या) उड्या सहन करायलाच तो बनवला आहे. फक्त देखरेख करायची असेल तर आयएनए२२६ ही करंट मोजणारी चिप: ऑफसेट जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट, एक पायरी २.५ मायक्रोव्होल्ट, पूर्ण रेंज ८१.९२ मिलिव्होल्ट. १ मिलिओहमवर पायरी २.५ मिलिअँपिअरची झाली. पण या चिपच्या तयार मॉड्यूलवर बहुधा आर१०० छापलेला, म्हणजे १०० मिलिओहमचा शंट असतो. तो ०.८ अँपिअरलाच रेंज संपवतो, आणि १० अँपिअरला त्यात १० वॅट जळतील. तो काढून २ मिलिओहमचा लावा आणि कॅलिब्रेशन रजिस्टर बदला. दुसरी गोष्ट विसरली की रीडिंग बरोबर ५० पट चुकते.

साध्या ऑप-अँपला चार रोध लावून घरगुती डिफरन्स ॲम्प्लिफायर करण्याचा मोह इथे आवरावा. गेन १०० आणि १ टक्क्याचे रोध धरले तर सर्वांत वाईट परिस्थितीत सीएमआरआर (कॉमन मोड दाबण्याची क्षमता) ६८ डीबीच्या आसपास येतो. ५ व्होल्ट कॉमन मोडवर त्यातून इनपुटला २ मिलिव्होल्टची चूक उभी राहते, म्हणजे १ मिलिओहमवर २ अँपिअर! ०.१ टक्क्याचे रोध लावले तरी ०.२ अँपिअर उरतातच.

एकतर्फी ॲम्प्लिफायरची आणखी एक खोड. त्याचे आउटपुट पूर्ण शून्यावर जात नाही, काही मिलिव्होल्टवर अडकते. शून्य अँपिअरला घेतलेले रीडिंग म्हणजे ऑफसेट असे समजून ते वजा केले, तर अडकलेला आकडा वजा होतो आणि वरचे सगळे लोड चुकतात. रेफरन्स पाय (शून्याची पातळी ठरवणारा) १०० मिलिव्होल्ट वर उचलून ठेवा. उलटा करंटही पाहायचा असेल तर रेफरन्स मधोमध न्या, मात्र रेंज निम्मी होते याचे भान ठेवा: ३.३ व्होल्टच्या एडीसीवर (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागावर) १ मिलिओहम आणि २०० गेन म्हणजे प्लस-मायनस ८.२५ अँपिअर, आणि आपले शिखर ११.६५ अँपिअरला जाते. तिथे गेन १०० घ्यावा लागतो. १२ बिटांच्या एडीसीला एक पायरी ८ मिलिअँपिअरची पडते, ती पुरेशी आहे.

स्विचिंग सुरू होताच उगवणारी चूक

कमी रोधाच्या शंटला रोध कमी असतो, इंडक्टन्स मात्र तेवढेच राहते. १ मिलिओहमच्या शंटला १ नॅनोहेन्री धरा. आपल्या बोर्डावर उतार प्लस ३.१८ वरून मायनस २.२७ वर उलटतो तेव्हा शंटवर एका क्षणात ५.४५ मिलिव्होल्टची पायरी पडते. खऱ्या रिपलचा सिग्नल ३.३ मिलिव्होल्ट आहे. म्हणजे खोटा सिग्नल खऱ्याहून मोठा! स्कोपवर त्रिकोणाऐवजी तिरपे छप्पर असलेला चौकोन दिसला तर हेच. पायरीची उंची इनपुट व्होल्टेजच्या प्रमाणात असते, म्हणून १२ वरून १४ व्होल्ट करून पाहा. पायरी त्याच प्रमाणात वाढली तर शंका उरत नाही.

उपाय स्वस्त आहे. शंटचा एल भागिले आर काढा: १ नॅनोहेन्री भागिले १ मिलिओहम, १ मायक्रोसेकंद. तेवढ्याच टाइम कॉन्स्टंटचा फिल्टर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी लावा. दोन्ही पायांत १० ओहम आणि मधे ४७ नॅनोफॅरड: २० ओहम गुणिले ४७ नॅनोफॅरड, ०.९४ मायक्रोसेकंद. हा फिल्टर जुळला की सिग्नलला उशीर होत नाही. शंटच्या इंडक्टन्सने जे बिघडवले तेच तो परत करतो. स्कोपवर कोपऱ्यात शिंगे दिसली तर कॅपॅसिटर वाढवा, कोपरे गोल होऊन त्रिकोण बुटका झाला तर कमी करा. रोध १० ओहमच्या फार वर नेऊ नका. करंट-सेन्स ॲम्प्लिफायरचे पाय थोडा करंट घेतात आणि मोठ्या रोधाने गेन सरकतो. डेटाशीटमध्ये त्याची मर्यादा दिलेली असते. रोध आणि कॅपॅसिटर दोन्ही ॲम्प्लिफायरजवळ बसवा, शंटजवळ नको. सेन्सच्या दोन ट्रेस जोडीने, एकमेकींना चिकटून न्या आणि स्विचिंग नोड (दोन्ही मॉस्फेट आणि इंडक्टर जिथे जुळतात तो बिंदू) व इंडक्टर यांच्यापासून दूर ठेवा.

स्कोपने बघताना प्रोबची लांब ग्राउंड वायर वापरली तर ती वायरच अँटेना होते आणि नसलेली शिंगे दिसतात. स्प्रिंग ग्राउंड घ्या. खात्री करायची असेल तर प्रोबचे टोक आणि ग्राउंड एकाच बिंदूवर टेकवा. तरीही लाटा दिसत असतील तर त्या प्रोबच्या आहेत, बोर्डाच्या नाहीत.

पीक करंट मोडच्या (करंट ठरलेल्या शिखराला पोचताच स्विच बंद करणाऱ्या) कंट्रोलरमध्ये या पायरीचा वेगळाच त्रास होतो. एक पल्स रुंद, पुढचा अरुंद असे चक्र सुरू होते, रिपल वाढतो आणि लॉसही. सगळे स्लोप कॉम्पेन्सेशनच्या (सिग्नलमध्ये कृत्रिम उतार मिसळण्याच्या) मागे लागतात. पण ती अस्थिरता ड्युटी (चक्रातला ऑन टाइमचा वाटा) ५० टक्क्यांच्या वर गेल्यावरची. आपली ड्युटी ४२ टक्के आहे. इथे रुंद-अरुंद पल्स दिसला तर आधी नॉइज धरा: फिल्टर, ट्रेसची वाट आणि लीडिंग एज ब्लँकिंग (स्विच चालू होताच काही क्षण सिग्नलकडे दुर्लक्ष करणे), जे साधारण १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागते. ब्लँकिंग फार वाढवले तर शॉर्ट सर्किटच्या वेळी मॉस्फेट उगाच जास्त वेळ चालू राहतो, तेवढे जपा.

डिजिटल कंट्रोलर: कधी मोजता?

त्रिकोणी लाटेची सरासरी उताराच्या ऐन मध्यावर मिळते. ऑन टाइमच्या मध्यापासून सॅम्पल २०० नॅनोसेकंद सरकले तर ३.१८ गुणिले ०.२, म्हणजे ०.६४ अँपिअरची चूक. ॲम्प्लिफायरचा उशीरही यातच मोजायचा. ५०० किलोहर्ट्झ बँडविड्थचा ॲम्प्लिफायर सुमारे ०.३२ मायक्रोसेकंद मागे राहतो, म्हणजे जवळपास १ अँपिअर कमी दाखवतो. सॅम्पलचा ट्रिगर तेवढाच पुढे सरकवला की चूक मिटते. तपासायला लोड ५ अँपिअरवर स्थिर ठेवा आणि ट्रिगर ५०-५० नॅनोसेकंदांनी हलवत रीडिंग लिहा. खऱ्या करंटशी जुळते ती जागा पक्की करा. पण हे फक्त करंट सतत वाहत असताना. कमी लोडवर करंट शून्याला टेकून थांबू लागला की मध्यावरचे सॅम्पल सरासरी राहत नाही आणि रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येते. तिथे वेगळा हिशेब ठेवा, नाहीतर मोड बदलण्याची पातळी त्या खोट्या रीडिंगच्या हिशेबाने ठरवा.

शंटच नको असेल तर

इंडक्टरच्या स्वतःच्या रोधावर करंट मोजला तर जास्तीचा लॉस जवळजवळ नाही. २.२ मायक्रोहेन्री आणि ५ मिलिओहम यांचा टाइम कॉन्स्टंट ४४० मायक्रोसेकंद. १०० नॅनोफॅरडला ४.४२ किलोओहम जुळतो. त्या रोधात ८ मिलिवॅटच्या आसपास जातात, सोडून द्या. अडचण तांब्याचीच: २५ वरून १०० अंशांवर गेल्यावर वायंडिंगचा रोध २९ टक्के वाढतो आणि तेवढेच रीडिंग. थंड असताना पूर्ण लोड देणारा बोर्ड तापल्यावर करंट लिमिटला धडकतो तो यामुळे. एनटीसी (तापल्यावर रोध कमी होणारा सेन्सर) इंडक्टरच्या अंगाला लागून बसवला तरच कॉम्पेन्सेशन कामाचे. दोन सेंटिमीटरवर बसवलेला एनटीसी बोर्डाचे तापमान सांगतो, वायंडिंगचे नाही. लोडची पायरी दिल्यावर सेन्स सिग्नल उसळून खाली बसला तर फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट कमी पडतो आहे, हळूहळू चढला तर जास्त झाला आहे.

मॉस्फेटच्या ऑन रोधावर मोजणे संरक्षणापुरते ठीक. एका मॉस्फेटपासून दुसऱ्यापर्यंतचा फरक आणि तापल्यावर दीडपटीच्या आसपास होणारी वाढ पाहता त्यावर एफिशियन्सीचे निर्णय टाकू नयेत.

हॉल सेन्सरला (चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणाऱ्या) आयसोलेशन लागेल तेव्हाच हात घाला. लोकप्रिय एसीएस७१२ च्या आतल्या वाटेचाच रोध १.२ मिलिओहम आहे आणि बँडविड्थ ८० किलोहर्ट्झ. ४०० किलोहर्ट्झचा रिपल त्याला दिसत नाही. शिवाय तो रेशिओमेट्रिक आहे. ५ व्होल्टचा सप्लाय ४.९ झाला की शून्य ५० मिलिव्होल्टने सरकते. ३० अँपिअरच्या प्रकारात, ६६ मिलिव्होल्ट प्रति अँपिअरने, ते ०.७६ अँपिअर झाले. एडीसीचा रेफरन्स त्याच सप्लायवरून घेतला तर ही चूक कापली जाते.

लॉस नेमका कुठे वाढतो

कमी लोडवर. दोन मॉस्फेट, प्रत्येकी २० नॅनोकुलंब गेट चार्ज, ५ व्होल्ट ड्राइव्ह, ४०० किलोहर्ट्झ: गेट हलवण्यातच ८० मिलिवॅट जातात. ०.५ अँपिअर लोडला, म्हणजे २.५ वॅटला, ते ३.२ टक्के झाले. पल्स गाळण्याचा मोड १ अँपिअरखाली सुरू करायचे ठरले आणि ऑफसेटमुळे रीडिंग ०.५ अँपिअर जास्त येत असले, तर ०.५ ते १ अँपिअरचा सगळा पट्टा हा खर्च सोसत राहतो. आलेखात तिथे खड्डा दिसतो. खड्ड्याची जागा बोर्डागणिक सरकत असेल तर तो ऑफसेटच.

खालचा मॉस्फेट शून्यावर बंद करणाऱ्या कंपॅरेटरचेही तसेच. ५ मिलिओहमवर १ मिलिव्होल्ट ऑफसेट म्हणजे ०.२ अँपिअर. उशिरा बंद झाला तर करंट उलटा वाहून आउटपुटमधली ऊर्जा परत खेचतो. ५० नॅनोसेकंदांचा उशीर आपल्या उतारावर ०.११ अँपिअर उलटा सोडतो. लवकर बंद झाला तर उरलेला करंट बॉडी डायोडमधून (मॉस्फेटच्या आतल्या डायोडमधून) जातो, ०.३ अँपिअर उरला तर प्रत्येक चक्रात सुमारे १५ नॅनोज्यूल, ४०० किलोहर्ट्झला ६ मिलिवॅट. ५० मिलिअँपिअरच्या लोडला ते २.४ टक्के होतात. स्विचिंग नोडवर स्कोप लावला की लगेच दिसते: चक्राच्या शेवटी ०.७ व्होल्ट खाली बुडालेली छोटी पायरी असेल तर लवकर, नोड एकदम वर उडत असेल तर उशिरा. थोडे लवकर बरे.

दोन फेजमधल्या असमान वाटपावर मात्र एफिशियन्सीचे खापर जरा जास्तच फोडले जाते. ४० अँपिअरच्या दोन फेजच्या बोर्डावर २० आणि २० ऐवजी २४ आणि १६ अँपिअर वाटले गेले तर एकूण कंडक्शन लॉस फक्त ४ टक्क्यांनी वाढतो, कारण वाढ फरकाच्या वर्गाने होते. १० टक्के फरकाला फक्त १ टक्का. तिथली खरी चिंता २४ अँपिअरच्या फेजची: तिचा लॉस ४४ टक्के जास्त, ती तापते, तिचे तांबे रोध वाढवते, आणि डीसीआर सेन्सिंग (इंडक्टरच्या स्वतःच्या रोधावर मोजणे) असेल तर तिचे रीडिंगही फुगते.

कॅलिब्रेशन

वरचे दोष काढल्यावरच करा. केल्विनची चूक सॉफ्टवेअरने झाकली तर तापल्यावर ती उघडी पडते. आधी बोर्ड कामाच्या तापमानाला आणा. इनपुट व्होल्टेज लावलेले, स्विचिंग बंद, आउटपुटला बाहेरून ५ व्होल्ट दिलेले, म्हणजे कॉमन मोड खरा राहील. या अवस्थेत ऑफसेट नोंदवा. बाहेरच्या ५ व्होल्टवरून शंटमधून करंट जात नाही ना, ते पाहा. फीडबॅकची वाट शंटच्या आधी जोडलेली असेल तर थोडा जातो. मग स्विचिंग चालू करून पूर्ण लोडच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ८ अँपिअरला, गेन नोंदवा. शेवटी १ अँपिअरला तपासा. फरक २० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. ८ ला जुळते आणि १ ला जुळत नाही असे झाले तर पुन्हा स्विचिंगच्या चुकीकडे जा, आणि सॅम्पलचा ट्रिगर पहिला पाहा.